फ्रेममधलं वचन कोणाचं?

प्रश्न : पाळकसाहेब, सलाम. आम्ही बेकरी सुरू केली तेव्हा माझ्या माहेरच्यांनी एक फ्रेम दिली. आरंभ लहान असला तरी शेवट मोठ्या भरभराटीचा होईल, अशा अर्थाचं वचन, खाली ‘ईयोब ८:७’. आता त्याच वचनाच्या जोरावर आमचे मालक दुसरं कर्ज काढून मोठी भट्टी घ्यायची म्हणतात. माझा भाचा म्हणतो, “आत्या, हे देवाचं वचन नाहीच.” शास्त्रात छापलंय, मग देवाचं कसं नाही?
– एक भगिनी, संगमनेर

उत्तर : ताई, भाचा बरोबर बोलतोय, पण अर्धंच.

शास्त्रातलं, म्हणजे बायबलमधलं, ईयोबाचं पुस्तक उघडा आणि आठव्या अध्यायाच्या सातव्या वचनावरून, म्हणजे ८:७ वरून, बोट वर सरकवत ८:१ पर्यंत न्या. तिथे बोलणाऱ्याचं नाव आहे: बिल्दद शूही. ईयोब म्हणजे संपत्ती आणि मुलं सगळं गमावून बसलेला देवभीरू माणूस, आणि त्याच्या तीन मित्रांपैकी हा एक. सात दिवस, सात रात्री ते ईयोबाजवळ जमिनीवर गप्प बसले होते, आणि खरं सांगायचं तर त्यांनी तेवढंच बरं केलं. आता वाटेत ८:४ वर थांबा. ईयोबाची दहाही मुलं थोरल्या भावाच्या घरी जेवत असताना वादळाने घर पडून मेली आहेत. त्या बापाला बिल्दद सांगतो की तुझ्या मुलांनी पाप केलं, त्याचं फळ त्यांना मिळालं. मग तू शुद्ध आणि सरळ असशील तर देव तुझं बरं करील, आणि त्या ‘तर’च्या मागोमाग तुमच्या फ्रेममधली ओळ. मयताच्या घरी येऊन असं बोलणाऱ्याला आपण पाणीही विचारणार नाही, आणि त्याचंच वाक्य दुकानात सोनेरी अक्षरांत लावतो!

ईयोब निर्दोष आहे हे देवाने १:८ मध्येच सांगितलंय. बिल्ददला त्याचा पत्ता नाही. शेवटी ४२:७ मध्ये देव त्या तिघांपैकी अलीफजला म्हणतो की तुझ्यावर आणि तुझ्या दोघा मित्रांवर माझा राग भडकला आहे; माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसं योग्य बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत. होमबलीसाठी सात गोऱ्हे आणि सात मेंढे घेऊन त्यांना ईयोबाकडेच जावं लागलं. तेव्हा बिल्दद काय म्हणाला हे शास्त्राने प्रामाणिकपणे नोंदवलंय. देवाने त्यावर सही केलेली नाही.

पण भाच्याला एवढंही सांगा की मित्रांचं बोलणं सरसकट केरात टाकायचं नसतं. अलीफजचं ५:१३ मधलं वाक्य प्रेषित पौलाने आपल्या पत्रात, १ करिंथ ३:१९ मध्ये, घेतलंय. आणि गंमत बघा, ४२:१२ मध्ये ईयोबाचा शेवट आरंभाहून खरंच मोठा होतो. ७,००० मेंढरांची १४,००० होतात. मग बिल्दद जिंकला का? नाही. कुठलं लपवलेलं पाप कबूल केलं म्हणून ईयोबाला हे मिळालं नाही. त्याने याच मित्रांसाठी प्रार्थना केली, तेव्हा देवाने त्याचे दिवस पालटले (४२:१०). मेंढरं दुप्पट झाली. मुलं मात्र पुन्हा दहाच, आणि पहिली दहा परत आली नाहीत. हे पुस्तक भरभराटीचं हमीपत्र म्हणून वाचणाऱ्याने तिथे जरा थांबावं.

फ्रेम माहेरची आहे, राहू द्या. कोणी विचारलंच तर ४२वा अध्याय उघडून दाखवा. भट्टीचं मात्र त्या ओळीवर ठरवू नका. मालकांना अडवायला लूक १४:२८ मधल्या बुरूज बांधणाऱ्याचं वचनही वाचून दाखवू नका. तिथे येशू शिष्य होण्याची किंमत सांगतोय, बांधकामाचं अंदाजपत्रक नव्हे. वचनच हवं असेल तर नीतिसूत्रे २७:२३ ते २७ सलग वाचा. आपल्या शेरडामेंढरांची स्थिती नीट जाणून घे, संपत्ती कायमची टिकत नाही, असं तिथे आहे, आणि ते खरोखरच घरसंसाराबद्दल आहे. मग उधारीची वही काढा, पहिल्या कर्जाचे किती हप्ते उरलेत ते बघा, आणि रोज किती पाव शिळे होऊन परत येतात ते मालकांनाच मोजायला सांगा.