नावं वाचायला दुसरीच उभी राहिली

पत्र : ताई, मी दक्षिण कोरियात सुवोनला नोकरी करते. गाव सातारा जिल्ह्यात. पणजोबा पत्री सरकारात होते, येरवड्यात शिक्षा भोगून आले. दर १५ ऑगस्टला सगळं घर गावी जमतं. शाळेत साडेसातला झेंडावंदन, मग स्तंभावरची स्वातंत्र्यसैनिकांची नावं वाचायची, मग घरी पोहे-जिलेबी. सातवीपासून ती नावं मीच वाचायचे. यंदा व्हिडिओ कॉलवर पाहिलं, तर चुलतभावाची मुलगी वाचत होती. रेंज नाही असं आईला सांगून मी फोन ठेवला आणि रडले. इथंही त्याच दिवशी सुट्टी असते, घरोघरी झेंडे असतात, त्यामुळे जास्तच परकं वाटतं. एवढ्याशा पोरीचा हेवा वाटला, याची लाज वाटते.

लेकी, लाज कसली? जिलेबी आणि झेंडा तुला तिथंही मिळेल. सोलच्या आपल्या वकिलातीतही झेंडावंदन होतं. पण घरात तुझं म्हणून एक काम होतं, ते गेलं. ते लागणारच.

ते काम मात्र परत मागू नकोस. पोरीनं ते उचललं म्हणून तर ते टिकलं. आता मला सांग, ती जी नावं वाचते ती माणसं कोण होती, हे तिला कोणी सांगितलंय? बहुतेक नसेल. पत्री सरकार म्हणजे काय, नाना पाटलांची माणसं रात्री कुणाच्या घरी जेवायची, तुझे पणजोबा पकडले कसे गेले, हे तू घरात ऐकलं असशील. दर रविवारी तिला फोन कर आणि एकेका नावाची गोष्ट सांग. एखाद्याबद्दल तुलाच काही ठाऊक नसेल, तर गावातल्या म्हाताऱ्यांना विचारायला तिला पाठव. हे लवकर कर. विचारायला माणसं किती दिवस राहणार?

आणि त्या परक्या झेंड्यांकडे जरा थांबून बघ. १९१० पासून जपानच्या ताब्यात असलेला तो देश १५ ऑगस्ट १९४५ ला सुटला. सोलमध्ये सोदेमुनचा जुना तुरुंग आहे, आता तिथं संग्रहालय केलंय. १९१९ च्या चळवळीत पकडलेली यू ग्वान-सुन ही शाळकरी मुलगी १९२० मध्ये तिथंच वारली, वय जेमतेम सतरा-अठरा. एखाद्या सुट्टीला जाऊन ये, जमलं तर ऑफिसातल्या मैत्रिणीला घेऊन. येरवड्याची गोष्ट तिला सांग, तिच्या आजी-पणजीचं काय झालं ते विचार. तुझं दुःख कळायला याहून जवळचा शेजार कुठला मिळणार? जर्मनीत किंवा अमेरिकेत असतीस तर एवढं सोपं नव्हतं.

आईला खरं सांग. रेंज गेल्याचं तिला पटलं असेल असं मला तरी वाटत नाही, आया ओळखतात.

राहता राहिला कॉल. गावातले साडेसात म्हणजे तुझे अकरा. सुट्टीच असते, तेव्हा घाई नाही. पण तासभर स्क्रीनवर सोहळा बघत बसू नकोस, त्यानं जीव आणखी तुटतो. नावं वाचून होईपर्यंत ऐक, पोरीशी दोन शब्द बोल आणि फोन ठेव.

आणि रजा. परदेशातली पोरं रजा दिवाळीसाठी राखून ठेवतात. तुमच्या घरचा मोठा सण ऑगस्टात येतो. दोन-तीन वर्षांतून एकदा तरी तेव्हाच ये. पुढच्या वर्षी जमणार असेल, तर साहेबांच्या कानावर आत्ताच घाल.