जुना पॅलाडिन, नवं पुस्तक आणि मामाची पेटी: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: दादा, फोंड्यात आमचा डंजन्स अँड ड्रॅगन्सचा, म्हणजे फासे टाकत गोष्ट रचायच्या खेळाचा, ग्रुप आहे, रविवारी जेवणं आटपली की बसतो. कॅम्पेन, म्हणजे आमची सलग चालणारी गोष्ट, 2014 च्या नियमांच्या पुस्तकांवर सुरू केलेलं, आता सगळे सातव्या लेव्हलला आहेत. दोघांनी 2024 चं नव्या नियमांचं प्लेयर्स हँडबुक घेतलंय आणि ते म्हणतात पुढच्या रविवारपासून सगळं नवीन, आमचा पॅलाडिनवाला, म्हणजे देवभक्त योद्धा खेळणारा, ऐकायलाच तयार नाही. एकाच टेबलावर दोन्ही चालतं का?
— एक डीएम (खेळ चालवणारा), फोंडा

उत्तर: चालतं. पण कोणाचं कॅरॅक्टर कुठल्या पुस्तकातलं हे भांडण नंतर करा, आधी टेबलाचे नियम एकच ठरवा. लपणं, थकवा, पोशन (औषधाची कुपी), स्पेल्स (मंत्र) हे सगळ्यांना एकाच पुस्तकातून, आणि मला विचाराल तर 2024 च्याच. थकव्याचं बघा ना, आधी प्रत्येक पायरीला वेगळी शिक्षा, तक्ता उघडल्याशिवाय कुणाला आठवायची नाही, आता सरळ पायरीमागे डी20 च्या (वीस बाजूंच्या फाशाच्या) रोलमधून 2 वजा आणि वेग 5 फूट कमी, सहाव्या पायरीला मरण तेवढं जुनंच ठेवलंय. पोशन प्यायला बोनस ॲक्शन (टर्नमधली छोटी जादा कृती) पुरते, जे कित्येक टेबलांवर घरचा नियम म्हणून चालतच होतं. एकाच नावाचा स्पेल दोन्हीकडे असला तर नवाच धरा, नाहीतर पहिल्या लेव्हलच्या क्युअर वून्ड्सला (जखमा भरायच्या मंत्राला) एकजण 1डी8 (आठ बाजूंचा एक फासा) टाकणार, शेजारचा 2डी8, आणि तुमचा अख्खा रविवार त्यातच जाणार.

पॅलाडिनवाल्याचा राग मला समजतो हां. जुन्या नियमात डिव्हाइन स्माइटला (वार लागला की वर जादा दैवी इजा) ॲक्शन लागत नव्हती, पाचव्या लेव्हलपासून दोन वार लागले की दोन्हींवर स्माइट. आता तो स्पेल झालाय, बोनस ॲक्शन खातो, म्हणजे टर्नला एकच, वर समोरचा जादूगार काउंटरस्पेल मारून तो हाणून पाडू शकतो ते वेगळंच. बदल्यात ले ऑन हँड्स (हात लावून बरं करणं) बोनस ॲक्शनवर आलंय आणि वेपन मास्टरी (शस्त्राची खास करामत) मिळते, हे त्याला एकदा शांतपणे दाखवा, तरी नको म्हणाला तर जुनं शीट राहू दे, कॅम्पेन काही बुडत नाही. मंक (हातापायांनी लढणारा) कोण खेळत असेल तर मात्र त्याला बदलायला लावाच, जुना मंक नव्या फायटरशेजारी अगदीच बिचारा दिसतो.

बदल लढाईच्या मधेच नको, लेव्हल वाढेल तेव्हा करा. नव्या पुस्तकात ताकद, चपळाई अशा स्कोअरची वाढ बॅकग्राउंडमधून (कॅरॅक्टरच्या पूर्वायुष्यातून) येते आणि सोबत एक ओरिजिन फीट (सुरुवातीची खास क्षमता). जुनं बॅकग्राउंड आवडतं असेल तर ठेवा, फक्त एका स्कोअरला 2 आणि दुसऱ्याला 1, नाहीतर तिघांना 1-1, आणि एक ओरिजिन फीट द्या. पण मग जुन्या रेसमधून (एल्फ, ड्वॉर्फ वगैरे) मिळालेली वाढ काढायची, ही वजाबाकी सगळेच सोयीस्करपणे विसरतात, डीएमने शीट हातात घेऊन बघावी. सबक्लास (क्लासमधली खास शाखा) आता सगळ्यांचा तिसऱ्या लेव्हलला, त्यामुळे जुन्या क्लेरिकला (पुजाऱ्याला) पहिल्या लेव्हलला मिळायचं तेही तिसऱ्यालाच. तुमची माणसं सातव्याला आहेत तेव्हा हा प्रश्न नवीन माणूस आला तरच येईल.

आणि बाकीच्यांना लगेच खर्चात पाडू नका. नव्या नियमांचा गाभा, म्हणजे एसआरडी 5.2, 2025 मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्सखाली फुकट आलाय, सगळे सबक्लास त्यात नाहीत पण गणेश चवथीपर्यंत खेळून बघायला पुष्कळ.

प्रश्न: मामा आखातातून परत आला तेव्हा त्याच्या पेटीत डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या सेकंड एडिशनची ॲडव्हेंचर्स (तयार गोष्टींची पुस्तकं) सापडली. आताच्या नियमात चालवता येतील?
— म्हापसा

उत्तर: आधी पावसाळ्यात ती कपाटात कोंडू नका, बुरशी धरेल. नकाशे, गाव, खलनायक, सापळे कुठे लावलेत ते सगळं घ्या, आकडे तिथेच ठेवा. 1989 च्या त्या एडिशनमध्ये आर्मर क्लास (एसी, म्हणजे वार लागणं किती कठीण तो आकडा) उलटा चालायचा, जितका कमी तितका चांगला, आणि हल्ल्याला थॅको (एसी 0 ला लागायला फाशावर हवा तो आकडा) वापरायचे. अगदीच अडलात तर 20 मधून जुना एसी वजा करा, म्हणजे एसी 3 चा 17 होतो. पण जुन्या ऑग्रला नुसता एसी बदलून उतरवलात तर त्याचे हिट पॉइंट्स (किती इजा झेलेल तो आकडा) इतके कमी असतात की तुमची पोरं त्याला दुसऱ्या राउंडलाच झोपवतील. त्यापेक्षा त्याच नावाचा राक्षस नव्या मॉन्स्टर मॅन्युअलमधून उचला. सेव्हिंग थ्रोचे (संकटातून वाचायच्या रोलचे) तेव्हा पाच प्रकार होते, विष, कांडी, दगड होणं, श्वासाचा मारा, स्पेल असे, ते वाचून कॉन्स्टिट्यूशन (दम) की डेक्स्टेरिटी (चपळाई) हे जागेवरच ठरवा, कुणी हिशेब मागत नाही.

प्रश्न: आम्ही 2014 च्या नियमांनी लोककथेतल्या देवचाराचा स्टॅट ब्लॉक (खेळातल्या आकड्यांचा तक्ता) बनवलाय, परत लिहावा लागेल?
— पेडणे

उत्तर: नाही, तसाच वापरा. फक्त बिनजादूच्या शस्त्रांना रेझिस्टन्स (इजा अर्धी होणं) दिला असेल तर काढा, नव्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये तो जवळजवळ सगळीकडून गेलाय, त्याजागी थोडे हिट पॉइंट्स वाढवा. आणि तुमच्याकडे त्याला राखणदार मानतात ना, मग मारून एक्सपी (अनुभवाचे गुण) कमवायचा प्राणी कशाला करताय, पार्टीला त्याच्याशी बोलायला लावा.