नुकतेच निदान झालेल्या मुलाला घेऊन ऑटिझम जनजागृती फेरीत जावे का?

आपल्या सहा वर्षांच्या मुलाला चार महिन्यांपूर्वी ऑटिझमचे निदान झाले असून, घराजवळ २ एप्रिलच्या, म्हणजे जागतिक ऑटिझम जनजागृती दिनाच्या, निमित्ताने निघणाऱ्या जनजागृती फेरीत त्याला न्यावे का आणि अशा फेऱ्यांनी खरोखर काही फरक पडतो का, असे आपण विचारले आहे. माझा मुलगा आता चौदा वर्षांचा आहे. दादरच्या शिवाजी पार्कभोवती आमच्या पालक गटाची फेरी निघते, तिच्यात आम्ही पाच वेळा गेलो आहोत आणि त्यांतली पहिली वेळ सपशेल फसली होती. त्या अनुभवाच्या जोरावर सांगतो की, जरूर जावे. मात्र पहिल्या वर्षी फेरी पूर्ण करायचीच असा हट्ट धरू नये, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचे मतपरिवर्तन होईल या आशेने तर मुळीच जाऊ नये.

पहिल्या वर्षी संयोजकांनी मोठ्या हौसेने ढोल-ताशा पथक बोलावले होते. ज्या मुलांना घरातला मिक्सर आणि कुकरची शिटी सोसत नाही, त्यांच्याच फेरीच्या तोंडाशी ढोल ठेवण्यात काही चुकते आहे, हे तेव्हा कोणाच्याच लक्षात आले नाही, माझ्याही नाही. ढोलावर पहिले टिपरू पडताच आमचा मुलगा, जो तेव्हा आठ वर्षांचा होता, कान दाबून पदपथावर बसला आणि थोड्याच वेळात आडवा पडून ओरडू लागला. लोक बघत होते, म्हणून मी त्याला हाताला धरून उठवत राहिलो, आणि मी जितके ओढले तितके त्याचे ओरडणे वाढत गेले. अखेर गटातल्याच एका अनोळखी बाईंनी पथकाला थांबायला सांगितले, मला बाजूला केले आणि त्याच्यापासून दोन हातांवर, एक शब्दही न बोलता, त्या स्वतः पदपथावर बसून राहिल्या. दहा-बारा मिनिटांनी तो आपणहून उठला, समोरच्या विजेच्या खांबावरचा क्रमांक त्याने मोठ्याने वाचला आणि पुढच्या खांबाकडे चालू लागला. फेरी तोवर निघून गेली होती. आम्ही सहा खांब वाचले आणि टॅक्सी करून घरी आलो.

त्यानंतर गटाने ढोल, शिट्ट्या, फुगे आणि ध्वनिक्षेपक बंद केले. घोषणा फक्त फलकांवर असतात. आपल्याकडच्या संयोजकांना हे आधीच फोन करून विचारावे. वाद्ये असतील तर मुलाला पहिल्या वर्षी घरी ठेवून आपण दोघांपैकी एकानेच जावे, हे मी निःसंकोच सांगेन. वेळही विचारावी. एप्रिलच्या सुरुवातीला मुंबईत सकाळी नऊनंतर इतके उकडते की, घामाने अंगाला चिकटणारा कपडा हेच आमच्या मुलाला अस्वस्थ होण्याचे पुरेसे कारण होते. आता आमची फेरी साडेसहाला निघते आणि मैदानाच्या कट्ट्याला एक प्रदक्षिणा, म्हणजे सव्वा किलोमीटरच्या आतलेच अंतर, चालून संपते.

तयारी आदल्या आठवड्यापासून करावी लागते. दुसऱ्या वर्षी मी मुलाला तीन संध्याकाळी त्याच रस्त्याने फिरवून आणले, वाटेतल्या ठरावीक जागांची मोबाइलवर छायाचित्रे काढली आणि ती छापून एका दोरीत ओवली: आधी आपले घर, मग बस, मग मैदानाचे फाटक, मग पुष्कळ माणसे, मग केळे, मग परत घर. त्याला रोजची कामे करायला शिकवणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट बाईंनी सुचवलेली ही युक्ती होती. त्यातले शेवटचे चित्र सर्वांत महत्त्वाचे ठरले, कारण हे सगळे केव्हा संपणार आहे हे कळल्यावर तो पुष्कळ काही सोसू शकतो. आवाजरोधक हेडफोन, पाणी, त्याच्या सवयीचा खाऊ आणि हातात घोळवायला त्याची आवडती वस्तू बरोबर असू द्यावी. गर्दीत मुले क्षणात दिसेनाशी होतात, म्हणून निघतानाच त्याचे त्या दिवशीच्या कपड्यांतले छायाचित्र काढून घ्यावे आणि आपला फोन क्रमांक लिहिलेली चिठ्ठी त्याच्या खिशात ठेवावी. दोन मोठी माणसे असावीत: एक मुलाबरोबर, दुसरे पिशव्या सांभाळायला आणि लोकांशी बोलायला. तो मध्येच थांबला तर फेरी त्या जागी संपली असे समजावे.

आता फरक पडतो का, याविषयी. २ एप्रिल हा दिवस संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने डिसेंबर २००७ मधील ठरावाने जाहीर केला आणि २००८ पासून तो पाळला जातो. परंतु कट्ट्यावर बसलेल्या आजोबांना त्याचे काय? एकदा अशाच एका आजोबांनी मला विचारले, "हा मोर्चा कसला? ही मुले वेडसर आहेत का?" पूर्वी मी रागावलो असतो. त्या वेळी एवढेच म्हणालो, "नाही आजोबा, यांना आवाज, उजेड, माणसे हे सगळे आपल्यापेक्षा वेगळे जाणवते आणि सांगता येतेच असे नाही." त्यांनी मान हलवली आणि वर्तमानपत्र उघडले. बाहेरच्या माणसांवर होणारा परिणाम मी इतकाच पाहिला आहे.

फेरीचा खरा उपयोग झाला तो आम्हालाच. पदपथावर बसलेल्या त्या बाईंची मुलगी तेव्हा सोळा वर्षांची होती, आणि पुढच्या वर्षी फेरीनंतर चहा घेताना त्यांनी मला जे सांगितले, ते तोवर एकाही दवाखान्यात कोणी सांगितले नव्हते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत ऑटिझमचा समावेश आहे, त्याचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांग व्यक्तीचे ओळखपत्र, काढता येते. राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमासंरक्षण मिळते. आणि मूल अठरा वर्षांचे झाले की आईवडील आपोआप त्याचे कायदेशीर पालक राहत नाहीत, गरज असल्यास १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो. निदानानंतरच्या पहिल्या वर्षात माणूस इतका एकटा पडतो की, दहा वर्षे पुढे असलेले एक कुटुंब समोर चहा पिताना दिसणे हीच मोठी गोष्ट असते. आपण याच कारणासाठी जावे, आणि फेरी संपल्यावर लगेच निघू नये.

तिथे चुकीचा सल्लाही मिळेल. लसीमुळे ऑटिझम होतो असे सांगणारे कोणीतरी भेटतेच. त्या समजाचे मूळ असलेला १९९८ चा शोधनिबंध 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला आहे. "पूर्ण बरे करतो" असे छापलेले पत्रक कोणी हातात दिले, तर ते घडी करून जवळच्या कचरापेटीत टाकावे.

फलकाविषयी माझे एक मत आहे, पटले तर घ्यावे. 'ऑटिझमग्रस्त' किंवा 'पीडित' हे शब्द टाळावेत. आमचा मुलगा ते वाचू शकतो. 'स्वमग्न' हा शब्द रूढ आहे आणि मीही तो वापरला आहे, तरी तो मला कधीच पुरता पटला नाही, कारण आमचा मुलगा स्वतःत मग्न नसतो, तो खांबांच्या क्रमांकांत मग्न असतो. ऑटिझमसाठी वापरले जाणारे कोड्याच्या तुकड्याचे चिन्ह १९६३ मध्ये ब्रिटनमधील पालकांच्या संस्थेने स्वीकारले होते. ते अनेक ऑटिस्टिक प्रौढांना आवडत नाही आणि त्याऐवजी ते इंद्रधनुषी रंगांचे अनंताचे (आडव्या इंग्रजी आठसारखे) चिन्ह पसंत करतात. फलक मुलाच्या हातात किंवा गळ्यात मात्र देऊ नये. तो चालायला आला आहे. फलक आपण धरावा, आणि छायाचित्रे घेणाऱ्यांना आधी विचारायला सांगावे.

या दिवसाशी जोडल्या गेलेल्या निळ्या रंगाचा टी-शर्ट बहुधा सर्वांना वाटतील. आमच्या मुलाने तो पाच वर्षांत एकदाही अंगात घातलेला नाही, कारण छातीवरची छपाई टोचते. तो आपल्या विटलेल्या पिवळ्या शर्टातच चालतो आणि त्याला कोणी हटकत नाही. आपल्याला आकार विचारतील, तेव्हा एक माप मोठे सांगावे, शर्ट दोनदा धुऊन घ्यावा आणि मानेमागचे लेबल आदल्या रात्रीच कापून ठेवावे.