शपथ नको, न्याहारी करा

ताई, वय ३९. चोपडा तालुक्यात माझं कृषी केंद्र आहे, घरची केळी आहे. चारचौघांत मी बेतानेच जेवतो, पण एकटा सापडलो की हात थांबत नाही. दुपारी शटर अर्धं ओढतो आणि गल्ल्याखालच्या कप्प्यातली शेव, केळीचे वेफर्स, बिस्किटं संपेपर्यंत खातो. चव कळत नाही, पोट दुखायला लागतं तरी खातो. रिकामे पुडे खताच्या गोणीत दडवतो. रात्री सगळे झोपले की पुन्हा तेच. आठवड्यातून तीन-चारदा तरी, दीड वर्षापासून. वजन वाढलं म्हणून सकाळी फक्त लिंबूपाणी घेतो, सोमवारी आणि शनिवारी कडक उपवास धरतो. मागच्या श्रावणात मनुदेवीला जाऊन शेव-फरसाण सोडल्याची शपथ घेतली, ती आठ दिवसांत मोडली. देवी कोपली असेल का? भरताच्या पार्टीत मित्र म्हणतात, ‘भाऊ, पोट शे का कोठी?’ मीही हसतो. बायकोला यातलं काही माहीत नाही. मनाला लगाम कसा घालू?
– एक दुकानदार

भाऊ,

तुमचं अख्खं पत्र खाण्याबद्दल आहे आणि न खाण्याबद्दल जेमतेम एक ओळ. मला त्या एका ओळीबद्दलच बोलायचं आहे. सकाळी लिंबूपाण्यावर दुकान उघडायचं, दुपारपर्यंत युरियाच्या गोण्या मोजायच्या, उधारीवाल्यांशी डोकं लावायचं आणि पोटात काही नाही. मग दोन वाजता शेवेच्या पुड्यावर तुटून पडला तर तुम्हाला नवल वाटतं? केळीचं ठिबक चार दिवस बंद ठेवायचं आणि पाचव्या दिवशी पाट फोडायचा, असं करणारा शेतकरी तुमच्या काउंटरवर आला तर त्याला काय सुनवाल? तेच स्वतःला सुनवा.

अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ साली ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून एक प्रयोग झाला. सगळे स्वखुशीने आलेले, मनाने खंबीर. काही आठवड्यांतच त्यांच्या डोक्यात अन्नाशिवाय दुसरा विषय उरला नाही, काही जण तर पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे. प्रयोग संपून पोटभर मिळायला लागल्यावर त्यांतले कित्येक जण पोटाला तडस लागेपर्यंत खायचे आणि तरी भूक भागली नाही म्हणायचे. त्यांचा मनोनिग्रह कच्चा होता असं कोणी म्हणणार नाही. उपाशी ठेवलेलं शरीर असंच वागतं.

तुम्ही लिहिलंय तसल्या त्रासाला वैद्यकात एक नाव आहे: बिंज इटिंग डिसऑर्डर. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली आपल्या निदान-पुस्तकात त्याला स्वतंत्र आजार म्हणून जागा दिली. लग्नात आग्रहाने तीन खापराचे मांडे जास्त खाल्ले तर तो आजार नव्हे, ते आपल्याकडे कौतुकच. पण भूक नसताना भराभर खाणं, पोट दुखेपर्यंत न थांबणं, लाजेपायी एकट्याने खाणं, मागून स्वतःची किळस येणं आणि हे आठवड्यातून एकदा तरी, तीन महिने सलग, असं असेल तर डॉक्टर या निदानाचा विचार करतात. पत्रावरून निदान करणारी मी कोण, पण दाखवून घ्यायला हवं एवढं नक्की. पुरुष बहुधा दाखवत नाहीत. बाप्या माणसाने दाबून खाल्लं की लोक ‘गडी खाणारा आहे’ म्हणतात आणि विषय तिथेच संपतो.

करायचं काय, ते सांगते. उद्यापासून लिंबूपाणी बंद. दुकान उघडण्याआधी घरी बसून न्याहारी: कळण्याची भाकरी, सोबत दही, शेंगदाण्याची चटणी. दुपारचा डबा एक वाजता, भूक लागो न लागो. संध्याकाळी मूठभर फुटाणे किंवा घरचीच दोन केळी. रात्री नेहमीचं जेवण. दोन खाण्यांत तीन-चार तासांपेक्षा जास्त अंतर पडू द्यायचं नाही. यावर ‘एवढं खाल्लं तर आणखी सुटेन’ असं तुम्ही म्हणणार, मला ठाऊक आहे. पण या त्रासावरच्या मानसोपचाराची सुरुवातच ठरल्या वेळी खाण्यापासून होते, वजन कमी करण्यापासून नाही. वजनकाट्याला काही महिने सुट्टी द्या. उपवास अगदीच मोडवत नसेल तर निदान भगर, दही, शेंगदाण्याची आमटी वेळेवर खा. निरंकार मात्र सध्या नको.

आता शपथेचं. देवीच्या मनातलं मला कळत नाही, पण आडगावच्या डोंगरात बसलेल्या मनुदेवीला तुमच्या फरसाणाचा हिशेब ठेवायचा असेल असं वाटत नाही. शपथेची खरी अडचण वेगळी आहे. ‘आयुष्यात शेव खाणार नाही’ म्हटलं की पहिल्या चिमटीलाच सगळं बुडालं असं वाटतं. मग मोडलीच आहे तर पुडा संपवू, उद्यापासून पुन्हा कडक. हा उद्या फार महागात पडतो. म्हणून शेव सोडू नका. आठवड्यातून एकदा घरी शेवभाजी करायला सांगा, ताटात वाढून घ्या, पोरांबरोबर बसून खा. गल्ल्याखालचा कप्पा तेवढा रिकामा करा, तिथे बिलबुकं ठेवा.

एक वही करा. कॅलरी-बिलरी लिहायच्या नाहीत. किती वाजता खाल्लं, कुठे, आणि त्याच्या आधी अर्धा तास काय झालं, एवढंच. माझा अंदाज असा, की मागची बाकी न देता नवीन बियाणं मागणारं गिऱ्हाईक नाहीतर कंपनीच्या वसुलीचा फोन त्यात वरचेवर सापडेल. सापडला तर त्या फोननंतर शटर ओढू नका, बाहेर पडा, चहाच्या टपरीवर चार माणसांत बसा. ऊर्मी टिकते बहुधा थोडाच वेळ. कधी तरी हात जाईलही. गेला तर पुढचं जेवण चुकवायचं नाही, भरपाई म्हणून उपास तर अजिबात नाही.

बायकोला सांगा. गोणीतले पुडे तिला कधी ना कधी दिसणारच आहेत, त्यापेक्षा तुमच्या तोंडून ऐकू दे. तिने पहारा करावा म्हणून नाही, तर डबा वेळेवर यावा आणि रात्री घरात कोणीतरी जागं असावं म्हणून. ‘मला हे आवरत नाही, दवाखान्यात जायचंय, तू सोबत चल,’ एवढं एक वाक्य पुरे.

आणि दवाखान्यात खरंच जा. आधी गावच्या डॉक्टरांकडून साखर, थायरॉइड, रक्तदाब तपासून घ्या. कुठली औषधं चालू असतील तर तीही दाखवा, स्टेरॉइडसारख्या काही गोळ्यांनी भूक वाढते. मग मानसोपचारतज्ज्ञ. जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चौकशी करा. तिथवर जायचं धाडस होईपर्यंत १४४१६ लावा. ही सरकारची टेलि-मानस सेवा, फुकट आहे, रात्रीही चालते, मराठीत बोलता येतं. खाल्ल्यावर उलटी काढत असाल, जुलाबाच्या गोळ्या घेत असाल किंवा जीव नकोसा वाटत असेल तर थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण लोक लिहीत नाहीत म्हणून मी विचारते.

राहिले मित्र. थंडी पडली की कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली जाणारच आणि तुम्हालाही बोलावणं येणारच. जा. जाण्याआधी दिवसभर पोट रिकामं ठेवू नका, तिथे पोटभर जेवा, आणि कोठीचा विनोद झाला की या वेळी हसू नका. ‘हे नको रे, दुसरं बोल’ म्हणा. चांगले असतील तर गप्प बसतील.

महिन्याभराने वहीत काय सापडलं ते कळवा. वजन कळवू नका.

– तुमची ताई