सीएसएस (पानाचे रूप ठरवणारी फाइल) बदलली तरी वाचकांना जुनेच रूप दिसते. ब्राउझरमधील कॅश (साठवलेल्या प्रती) सर्व्हरवरून पुसता येते का?

आपण एनजिनएक्स या वेब-सर्व्हरवर सगळ्याच स्थिर फाइलींना एक वर्षाची मुदत दिली आहे, त्यामुळे नवी सीएसएस चढवूनही जुन्या वाचकांना जुनेच रूप दिसते, असे आपल्या प्रश्नावरून समजते. दिलेली मुदत हेडर (उत्तरासोबत जाणारी सूचना) बदलून परत घेता येत नाही, कारण ती संपेपर्यंत ब्राउझर त्या फाइलीसाठी सर्व्हरकडे फिरकतच नाही आणि आपण आता बदललेला हेडर त्याच्या नजरेस पडत नाही. वाचकाने स्वतः पान रिलोड केले तर काही ब्राउझरांत गोष्ट वेगळी, पण त्यावर विसंबून राहता येणार नाही.

म्हणून बदलायचे ते फाइलीचे नाव. वेबपॅकसारखी, साइटच्या फाइली बांधणारी साधने फाइलीतील मजकुरावरून काढलेला हॅश (अक्षर-अंकांची खूण) नावातच घालतात. मजकूर बदलला की नाव बदलते आणि ब्राउझरच्या दृष्टीने ती वेगळीच फाइल ठरते. अशा फाइलींना कॅश-कंट्रोल या हेडरमध्ये मॅक्स-एज (मुदत) ३१५३६०००, म्हणजे सेकंदांत एक वर्ष, खुशाल द्यावे. सोबत इम्यूटेबल (न बदलणारी) लिहिले तर काही ब्राउझर रिलोडच्या वेळीही त्या फाइलीची फेरचौकशी करत नाहीत. बाकीचे त्याकडे दुर्लक्ष करतात, नुकसान काही होत नाही.

खरी काळजी एचटीएमएलची (पानाच्या मूळ फाइलीची) घ्यावी, कारण नवी नावे वाचकापर्यंत पोहोचतात ती त्यातूनच. त्यासाठी कॅश-कंट्रोलमध्ये नो-कॅश लिहावे. हे नाव फसवे आहे: त्यामुळे साठवण बंद होत नाही (ते काम नो-स्टोअरचे), फक्त साठवलेली प्रत वापरण्यापूर्वी दर वेळी सर्व्हरला विचारावे लागते. ब्राउझर जवळचा ईटॅग (प्रतीची ओळखखूण) पाठवतो, आणि पान तेच असेल तर सर्व्हर मजकुराविना ३०४ (बदल नाही) एवढेच उत्तर देतो, त्यामुळे या विचारपुशीचा भार फारसा पडत नाही.

नवी आवृत्ती चढवताना जुन्या हॅशच्या फाइली लगेच काढू नयेत. ज्याच्याकडे जुने पान उघडे आहे, त्याने पुढचा भाग मागितला की त्याला ४०४ (फाइल सापडली नाही) मिळेल. नाव न बदलणाऱ्या चित्रांना एखाद्या दिवसाची मुदत पुरे.

एनजिनएक्सची एक खोड मात्र ध्यानात ठेवावी. लोकेशनच्या ब्लॉकमध्ये (ठरावीक पत्त्यांसाठीच्या मांडणीत) आपण एकही ॲड-हेडर (हेडर जोडण्याची आज्ञा) लिहिला, की वरच्या पातळीवर ॲड-हेडरने लावलेले सगळे हेडर, सुरक्षेचेसुद्धा, तेथे मुळात लागू होत नाहीत. ते त्या ब्लॉकमध्ये पुन्हा लिहावे लागतात.

तपासताना ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्सच्या नेटवर्क टॅबमधील ‘डिसेबल कॅश’ची खूण काढून पान नेहमीसारखे दुव्यावरून उघडावे: एचटीएमएलपुढे ३०४ आणि सीएसएसपुढे डिस्क किंवा मेमरी कॅश असे दिसले, की मांडणी बरोबर बसली आहे.