कॉमाच्या पलीकडं कोण बसलंय ते बघा

खानापूरच्या एका ताईंनी विचारलंय की इंग्रजी वाक्यात पार्टिसिपल फ्रेज, म्हणजे 'गोइंग', 'सीन', 'हॅविंग डन' असला तुकडा, सुरुवातीला घालायचा, मध्ये की शेवटी. सोबत नोकरीच्या अर्जातलं वाक्य दिलंय: 'हॅविंग कम्प्लीटेड माय डिप्लोमा, द कंपनी अपॉइंटेड मी.'

ताई, तुकड्याची जागा बरोबर आहे, कॉमानंतरचा कर्ता चुकलाय. सुरुवातीच्या तुकड्याला स्वतःचा कर्ता नसतो, कॉमा ओलांडला की जो पहिला भेटेल त्याच्या गळ्यात तो पडतो, त्यामुळं तुमचा डिप्लोमा कंपनीच्या नावावर गेला. 'हॅविंग कम्प्लीटेड माय डिप्लोमा, आय वॉज अपॉइंटेड बाय द कंपनी' असं करा, झालं.

आता खरं सांगतो, ही चूक बेळगावात ऐकून ऐकून कान किटलेत. 'वॉकिंग थ्रू खडेबाजार, द रेन स्टार्टेड' असं चांगली शिकलेली पोरं बोलतात, आणि क्लासवाले त्यावर इलाज काय सांगतात तर 'इंग'नं वाक्य सुरूच करू नका! हा इलाज नव्हे, पळवाट आहे. काही सर तर हॅम्लेटमधल्या भुताचा दाखला देतात, 'स्लीपिंग इन माय ऑर्चर्ड, अ सर्पंट स्टंग मी', शेक्सपियरला चाललं तर आपल्याला का नाही म्हणून. अहो, तिथं झोपलेला कोण हे ऐकणाऱ्याला कळतंय, अर्ज वाचणाऱ्या साहेबाला तुमचं काय माहीत असतंय?

व्याकरणाची पुस्तकं ह्याला निष्काळजीपणा म्हणतात, मला ते अजिबात मान्य नाही. माझ्या मते हे सगळं मराठीतल्या 'जाताना', 'येताना'मधल्या 'ताना'मुळं होतं. 'मी जाताना पाऊस आला', जाणारा मी, येणारा पाऊस, मराठीत दोन कर्ते सुखानं नांदतात, आणि 'मी' गाळून 'खडेबाजारातून जाताना पाऊस लागला' म्हटलं तरी कुणी अडत नाही. शेजारचा कन्नड माणूस 'नानु होगुवाग मळे बंतु' म्हणतो, तिथंही तेच. आमची पोरं ह्या दोन्ही भाषांत वाढलेली, दोन्हीकडून मुभा मिळालेली, मग इंग्रजीत तीच मुभा घेणार की नाही? म्हणून जिथं मनात 'ताना' आला आणि कर्ते दोन आहेत तिथं 'व्हाइल आय वॉज वॉकिंग' असा कर्त्यासकट पूर्ण क्लॉज, म्हणजे उपवाक्य, लिहा.

'करून', 'जाऊन'मधल्या 'ऊन'ची गोष्ट मात्र वेगळी, आणि ती मला फार आवडते. 'ताई डिप्लोमा करून नोकरीला लागल्या', करणारी आणि लागणारी एकच. संस्कृतच्या 'क्त्वा' प्रत्ययाबद्दल, म्हणजे 'कृत्वा' (करून) मधल्या 'त्वा'बद्दल, पाणिनीनं हेच सांगून ठेवलंय, 'समानकर्तृकयोः पूर्वकाले', दोन्ही क्रियांचा कर्ता एक आणि ही क्रिया आधीची. इंग्रजी लेखनाचे नियम सांगणाऱ्या विल्यम स्ट्रंक ह्या अमेरिकन प्राध्यापकानं 1918 मध्ये इंग्रजीसाठी सांगितलं की वाक्याच्या सुरुवातीची पार्टिसिपल फ्रेज वाक्याच्या कर्त्यालाच लागली पाहिजे, तर निम्मा नियम पाणिनीचाच झाला की हो! आणि आपला 'ऊन' आला कुठून, तर महाराष्ट्री प्राकृतातल्या 'ऊण'वरून. 'होऊण' म्हणजे होऊन, 'सोऊण' म्हणजे ऐकून, 'काऊण' म्हणजे करून. 'होऊण'चा 'होऊन' व्हायला फक्त एक ण बदलावा लागला, इतकं जुनं रूप आपण रोज चहा घेऊन, जेवून, झोपून वापरतोय. आमच्याकडं काहीजण छातीठोकपणे सांगतात की हा 'ऊन' कन्नडच्या 'बंदु' (येऊन), 'तिंदु' (खाऊन) मधल्या उकारावरून आला. सपशेल चूक. मग 'माडि' (करून), 'होगि' (जाऊन) मध्ये तो उकार कुठं गेला? वाक्य जोडायची तऱ्हा दोन्ही भाषांची सारखी आहे, कबूल, पण प्रत्यय प्राकृताचाच. 'पाऊस पडून रस्ता खचला' किंवा 'मला इथं येऊन दहा वर्षं झाली' असे अपवाद दाखवायला कुणीतरी येणारच, ते आहेतच, पण एक कारण सांगतो आणि दुसरा काळ मोजतो, एकामागून एक काम करायचा 'ऊन' तो हा नव्हे.

बरं, मध्ये घालायचं तर ज्याच्याबद्दल आहे त्या नामाला चिकटवून घाला. 'द बस, कमिंग फ्रॉम निपाणी, ब्रोक डाउन', इथं बस कुठली ते आधीच ठरलंय. कॉमे काढले की चार बसमधली निपाणीवाली तेवढी बंद पडली असा अर्थ होतो. परिणाम सांगायचा असेल तर तुकडा शेवटीच, 'अ ट्री फेल, ब्लॉकिंग द रोड', तो पुढं आणला तर रस्ता आधीच अडलेला आणि झाड नंतर पडलं असं वाचलं जातं. आणि 'आय सॉ द टीचर गेटिंग डाउन फ्रॉम द बस' ह्यात उतरणारे टीचर आहेत, तुम्ही उतरत होता तर 'गेटिंग डाउन फ्रॉम द बस, आय सॉ द टीचर' लिहा.