सगळीकडे नॉमिनी लावलाय, मग मृत्युपत्र कशाला? आणि ट्रस्ट करावा का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. तुमचे वडील ७१ वर्षांचे. पुण्यात त्यांच्या नावावर फ्लॅट, गावाकडे थोडी शेती, बँकेत ठेवी. सगळीकडे आई नॉमिनी आहे, त्यामुळे ते म्हणतात काम झालं. आणि कुणीतरी ट्रस्टचं डोक्यात घातलंय.

मी वकील नाही. बँकेत होतो आणि शेवटची काही वर्षं मयत खातेदारांचे दावे माझ्याच टेबलावर यायचे. वडिलांना सांगा, काम झालेलं नाही.

नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. बँक त्याच्या हातात पैसे ठेवते ते स्वतःची जबाबदारी संपावी म्हणून. ते पैसे कुणाचे, हे मृत्युपत्र ठरवतं, ते नसेल तर वारसा कायदा. काउंटरवर हे सांगितलं की लोक माझ्यावरच उखडायचे. 'कालनिर्णय'कार जयंत साळगावकरांच्या पश्चात शेअर आणि म्युच्युअल फंडांवरून झालेला वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा डिसेंबर २०२३ मध्ये न्यायालयानंही हेच सांगितलं. आपल्याकडची हाउसिंग सोसायटीसुद्धा नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घेते, कायदेशीर वारस ठरेपर्यंत. (विम्याचे नियम थोडे वेगळे आहेत, ते इथे नको.)

मृत्युपत्र नसेल तर काय? तुम्हाला हिंदू वारसा कायदा लागू आहे असं धरतो. मग वडिलांच्या मिळकतीत आई, तुम्ही आणि तुमची बहीण यांचे समान हिस्से. आजी हयात असेल तर तिचाही तेवढाच, आणि आजीला हमखास सगळे विसरतात. पुढे फ्लॅट एकट्या आईच्या नावावर करायचा तर बाकीच्यांनी नोंदणीकृत हक्कसोडपत्र द्यायचं. सगळे राजी असतील तर ठीक. एक जण अमेरिकेत आणि एक रुसलेला असेल तर बसा.

मृत्युपत्र मात्र साध्या कागदावर होतं. स्टँप पेपर लागत नाही, मुद्रांक शुल्क नाही, नोंदणीही ऐच्छिक आहे. तरी मी नोंदणी करायलाच सांगेन, नंतर 'ही सही बाबांची नाहीच' म्हणणाऱ्याचं तोंड जरा बंद राहतं. वडिलांची सही आणि ती पाहिलेले किमान दोन साक्षीदार, ज्यांनी वडिलांसमोर सही केली आहे. साक्षीदारांनी आतला मजकूर वाचायची गरज नाही.

साक्षीदारांवरून आम्ही पोळलोय. माझ्या वडिलांनी सुरेख अक्षरात चार पानी मृत्युपत्र केलं आणि साक्षीला घेतले ते त्यांचे रोजच्या फिरण्यातले दोन मित्र, दोघेही त्यांच्याहून मोठे. वडील गेले तोवर ते दोघेही गेलेले. चुलतभावानं हरकत घेतल्यावर सही ओळखणारी माणसं शोधत आम्ही दीड वर्ष हिंडलो. म्हणून साक्षीदार वयानं लहान घ्या, ज्याला काही मिळणार आहे त्याला घेऊ नका, आणि जमल्यास एक डॉक्टर असू द्या. 'त्यांचं डोकं ठिकाणावर नव्हतं' हा आक्षेप पहिला येतो.

मजकुरात शेवटी एक वाक्य हवंच: 'याखेरीज माझी जी काही मिळकत असेल ती अमुक यांना मिळावी.' नाहीतर नंतर घेतलेली एखादी ठेव बाहेर राहते. आणि गावची जमीन वडिलोपार्जित असेल तर वडील फक्त स्वतःच्या हिश्श्यापुरतंच लिहू शकतात. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर बहिणीचा त्यात जन्मानं हक्क आहे. तुम्ही मूळचे गोव्याचे असाल तर हे सगळं वेगळं: तिथे मुलं असताना साधारण निम्म्याच मिळकतीचं हवं तसं मृत्युपत्र करता येतं.

ट्रस्टचं म्हणाल (म्हणजे मिळकत विश्वस्तांच्या हाती द्यायची आणि त्यांनी ती ठरलेल्या माणसासाठी सांभाळायची), तर तुम्हाला तो नको. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवतात तो सार्वजनिक न्यास, त्याचा इथे संबंध नाही. घरच्यासाठी करतात तो खाजगी, १८८२ च्या भारतीय न्यास कायद्याखालचा. घरात मतिमंद मूल असेल, किंवा हातात पैसा टिकत नाही असा कुणी असेल, तर त्याचा खरा उपयोग. हयातीत फ्लॅट ट्रस्टकडे द्यायचा म्हटलं की नोंदणी आणि मुद्रांक शुल्क आलंच. तशी गरज असेल तर मृत्युपत्रातूनच, आपल्या पश्चात सुरू होणारा ट्रस्ट लिहिता येतो.

आणखी एक सल्ला तुम्हाला मिळेल: 'आत्ताच बक्षीसपत्र करा, राहत्या घराला दोनशे रुपयांच्या मुद्रांकात होतं.' जवळच्या नात्यात ते खरंही आहे. पण बक्षीसपत्र म्हणजे हयातीतच मिळकत देऊन टाकणं, ते सहजासहजी मागे घेता येत नाही आणि मृत्युपत्र वडील उद्या सकाळी फाडून नवं करू शकतात. स्वतःच्याच घरात मुलाच्या मर्जीनं राहणारे आईवडील मी बरेच पाहिलेत.

राहिली मूळ प्रत. लॉकर वडिलांच्या एकट्याच्या नावावर असेल तर तिथे ठेवू नका. एका कुटुंबानं तसं केलं होतं. लॉकर कुणासाठी उघडायचा म्हणून मी त्यांच्याकडे मृत्युपत्र मागितलं, आणि ते म्हणाले, 'साहेब, ते आतच आहे.'